बाकूच्या आतेशगाहमधले देवनागरी शिलालेख कसे वाचावेत

अझरबैजानमध्ये मराठी माणसाला एक सोय आयती मिळते: बाकूजवळच्या सुराखानी गावातलं आतेशगाह हे अग्निमंदिर आपल्याला वाचता येतं. तिथले बहुतेक शिलालेख देवनागरीत आहेत. काही गुरुमुखीत, तर एक फारसीत. तरीही बरेच जण मधल्या ज्वाळेसमोर फोटो काढून अर्ध्या तासात परततात, याचं खरंच वाईट वाटतं.

आधी जुन्या शहरात, म्हणजे इचेरीशेहेरमध्ये जा. मेडन टॉवरच्या अगदी जवळ मुलतानी कारवानसराई आहे. मुलतानकडचे व्यापारी इथे उतरत. कॅस्पियनच्या काठी संस्कृत मंत्र कसे पोचले, याचं उत्तर तिथे मिळतं.

सुराखानीसाठी मेट्रोने कोरोग्लू स्टेशन गाठा आणि बाहेरून १८४ नंबरची बस पकडा. मेट्रो आणि बस दोन्हींना बाकीकार्ट हे प्रवासाचं कार्ड चालतं. ते स्टेशनवरच्या मशीनमधून घेऊन त्यात येण्याजाण्यापुरते पैसे (इथलं चलन ‘मनात’) भरून ठेवा.

आतलं अंगण पंचकोनी आहे. भोवती यात्रेकरू आणि साधूंच्या खोल्या, मधोमध चार कमानींचा चौथरा आणि त्याच्या माथ्यावर त्रिशूळ. पूर्वी ज्वाळा जमिनीतून येणाऱ्या वायूवर जळे. परिसरातला वायू उपसला गेल्याने १९६९ मध्ये ती विझली. आताची ज्वाळा नळाच्या गॅसवर चालते.

लेख बघायला दारांवरच्या दगडी पाट्यांपासून सुरुवात करा. अक्षरं झिजलेली आहेत, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. कडेने तिरपा उजेड पडला, की अक्षरांचे उठाव सावलीने उमटतात. शुद्धलेखनाची अपेक्षा सोडा, मात्रा-वेलांट्या कारागिराच्या मर्जीने आहेत. आधी 'श्री गणेशाय नमः' शोधा, ते ओळखीचं असल्याने त्यावरून पुढची अक्षरं लागत जातात. मग 'ज्वालाजी', म्हणजे ज्वाळेच्या रूपातली देवी, आणि शेवटी 'संवत'.

खरी चूक होते ती सालात. ज्वालाजींसाठी दरवाजा बांधल्याचा एक लेख आहे, त्यावर संवत १८६६ आहे आणि वर 'विक्रमादित राज साके' असंही कोरलंय. 'साके' दिसलं की आपण सवयीने ७८ मिळवतो आणि १९४४ वर पोचतो, तोवर तर हे ठिकाण कधीच ओस पडलं होतं. हा विक्रम संवत आहे, ५७ वजा करा: १८०९.

'अग्निमंदिर' म्हटल्यावर हे पारशांचंच असं गृहीत धरलं जातं. मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ मध्ये इथे आले होते. लेख आणि बांधणी पाहून हे हिंदू मंदिर असल्याचं त्यांनी नोंदवलं. भिंतीवरचा मजकूर पाहता मला त्यांचंच म्हणणं पटतं, मात्र गुरुमुखी लेखांमुळे शिखांचा वाटाही विसरू नये.

जमिनीतून आपसूक येणारी आग बघायचीच असेल तर यानार दाग टेकडीवर जा. त्यासाठी कोरोग्लूला परत येऊन २१७ नंबरची बस घ्यावी लागते. उन्हात ज्वाळा फिक्या पडतात, म्हणून आतेशगाह दुपारी आणि यानार दाग संध्याकाळी ठेवा. बाकूत वारा जोरात असतो, उन्हाळ्यातही एखादं जाकीट बरोबर असू द्या.