तेकोंगला पाठवलेलं पत्र

सिंगापूरच्या पासिर रिस स्टेशनपासून बस, मग चांगीचा धक्का, मग फेरी. अर्ध्या तासाच्या आत आम्ही तेकोंग बेटावर उतरलो. २०१८चा जानेवारी होता, ईशान्य मोसमी पाऊस रिपरिपत होता. लेकाच्या पाठीवर एक छोटी सॅक. दोन्ही बाजूंना आमच्यासारखेच आई-बाप, चिनी, मलय, तमिळ, आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं.

आमच्या लेकाचा पासपोर्ट भारतीय. तरीही अठराव्या वर्षी तो सिंगापूरच्या सैन्यात दोन वर्षांसाठी दाखल होत होता. इथे येऊन नोकरी करणाऱ्या आणि पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, घेणाऱ्या पहिल्या पिढीला सैन्यसेवा नसते. पण आई-वडिलांच्या पीआरमुळे ज्या मुलग्यांना पीआर मिळतं, त्यांना ती चुकत नाही. साडेसोळाव्या वर्षी नोंदणीचं पत्र येतंच. १९६५ साली हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या दोनच बटालियन होत्या. एवढ्याशा लोकसंख्येला मोठं पगारी सैन्य परवडणारं नव्हतं, म्हणून १९६७ मध्ये प्रत्येक घरातला मुलगा मागितला गेला. आम्ही पीआर घेतलं तेव्हा लेक दोन वर्षांचा होता. सोळा वर्षं म्हणजे खूप लांब, असं तेव्हा वाटलं होतं.

कराडला सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "कुणाच्या फौजेत गं?" मी "इथल्याच" म्हणाले आणि पुढे काही सुचलं नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात घराघरातून पोरं फौजेत जातात, त्यामुळे त्यांना सैन्याचं नवल नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

त्या दिवशी बेटावर पालकांना सगळं दाखवतात. खोल्या, ज्यांना इथे बंक म्हणतात, लोखंडी पलंग, कपाटं. मोठ्या हॉलमध्ये मुलांनी उजवा हात वर करून शपथ घेतली. शपथेचे शब्द माझा मुलगा शंभरेक मुलांच्या सुरात सूर मिसळून म्हणत होता आणि मी त्याचे ओठ बघत होते. छातीत काहीतरी घट्ट झालं. वाईट वाटलं असं नाही म्हणणार मी. ज्या देशाने त्याला शाळा दिली, खेळायला मैदानं दिली, रात्री बारालाही एकट्याने घरी येण्याइतकी निर्धास्ती दिली, त्या देशाने दोन वर्षं मागितली तर ती द्यावीत, हे मला पटलेलं आहे. पण पटणं आणि पोटातून सहन होणं यांत अंतर असतं. कुकहाउसमध्ये पोरांसोबत जेवलो आणि परतीच्या फेरीत बसलो. मुलं डोकं भादरून घ्यायला रांगेत निघून गेली होती.

पहिले दोन आठवडे घरी सोडत नाहीत. रात्री थोडा वेळ फोन मिळे. त्यातून जे कळायचं ते मी एका वहीत लिहून ठेवायचे, तारीख टाकून. "आज पाणी परेड." म्हणजे सगळ्यांनी रांगेत उभं राहून हुकमावर पाणी प्यायचं, इथल्या दमट उन्हात कुणी कोसळू नये म्हणून. "आज रायफल मिळाली." एसएआर २१, इथेच बनणारी. ती हातातून खाली ठेवायची नाही, झोपतानाही जवळ. "आज ग्रेनेड." त्या रात्री तो फक्त "झालं" म्हणाला आणि मी देवाजवळचा दिवा तसाच ठेवला.

कवायतीचे हुकूम मलयमध्ये असतात, कारण मलय ही इथली राष्ट्रभाषा. 'सेदिया' म्हणजे सावधान, 'सनांग दिरी' म्हणजे विश्राम. आणि 'हेंताक काकी' म्हणजे जागच्या जागी पाय आपटत चालणं. काकी म्हणजे पाय! पहिल्यांदा ऐकल्यावर त्याला आमच्या पुण्याच्या काकीच डोळ्यांपुढे आल्या. ही फोड त्याला करून दिली ती त्याच्या बडीने. तिथे प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात, एकमेकांवर लक्ष ठेवायला. ह्याचा बडी मलय घरातला, शांत आणि नमाजी.

पाचव्या आठवड्यात फील्ड कॅम्प आला. जंगलात सहा दिवस, अंघोळ नाही. घामोळ्यांची पावडर अंगभर चोळायची, तीच अंघोळ. घडीच्या फावड्याने स्वतःच्या अंगाएवढा खड्डा खणायचा, त्यात पालथं पडून बंदूक रोखायची. लाल चिकट माती, वरून पाऊस, खड्ड्यात पाणी. जेवण पाकिटातलं. रात्री रानडुकरांचा वावर.

त्याच्या आधी पालकांना निरोप आला होता. मुलाला एक पत्र लिहा, पण त्याला सांगू नका.

मी तीन रात्री बसले. दोनदा इंग्रजीत लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा फाडलं. त्याच्याशी मी इंग्रजीत कधी बोललेच नव्हते. मराठीत लिहावं तर वाचेल का? इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळशिवाय हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू शिकता येतात. मराठी त्यांत नाही. आपल्या मुलांची शाळेतली मातृभाषा हिंदी. दहा वर्षं तो हिंदी शिकला, म्हणून देवनागरी येत होती. मराठी फक्त कानाची आणि तोंडाची. शेवटी मी मोठ्या सुट्या अक्षरांत, पहिलीतल्या मुलाला लिहावं तसं, मराठीतच लिहिलं. दीड पान. शपथेच्या वेळी मला काय वाटलं तेही लिहिलं, आणि आजीच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकले नाही, हेही.

चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर सार्जंटने पत्रं वाटली. डोक्याला टॉर्च, चिखलाचे हात. सगळी रांग रडत होती, तो सांगतो. बडी आपल्या आईचं रोमन लिपीतलं मलय पत्र वाचत होता आणि हा शेजारी एकेक अक्षर जुळवत होता. त्याला तासभर लागला. हिंदीत 'ळ' नाही. आडवं पडलेलं आठ कुठलं, हे त्याला कळेना. मग "माझ्या बा-?-ा" असं दोनदा पुटपुटल्यावर कानातून शब्द आला.

मार्चमध्ये मरिना बेच्या तरंगत्या मंचावर त्यांची दीक्षांत परेड झाली. रात्रभर २४ किलोमीटर चालून मुलं पहाटे तिथे पोचली. त्याआधी चार, आठ, बारा, सोळा अशी चढती चाल झालेली होती, तरी पायांना फोड आलेच. टोप्या हवेत उडाल्या आणि आम्ही पालक खाली धावलो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्याने फोन हातात घेतला आणि त्यांनी विचारण्याआधीच म्हणाला, "आजी, इथल्या फौजेत. माझे मित्र आहेत ना इथे." सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "काळा पडलास रे."

घरी येताना ट्रेनमध्ये त्याने छातीच्या खिशातून झिपची प्लॅस्टिक पिशवी काढून माझ्या हातात दिली. ओल लागू नये म्हणून तिथे सगळंच अशा पिशव्यांत ठेवतात. आत माझं पत्र होतं, घड्यांवर तांबडी माती. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने पेनने 'ळ' गिरवला होता. आधीचे पाच-सहा वेडेवाकडे, शेवटचा बरोबर.