वाचनाचे खाडे

आमच्या घरात दोन कालनिर्णय असतात. एक फ्रीजशेजारी, त्यात दुधाचा हिशोब. दुसरं दुकानातून घरात येणाऱ्या दाराच्या मागे, त्यात माझ्या वाचनाचा. तारखेच्या चौकोनात पुस्तकाची आद्याक्षरं आणि किती पानं झाली तो आकडा. "गो. भ. १४" म्हणजे गोडसे भटजींची चौदा पानं. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी दुधासारखाच "खा". या कार्तिकात आतापर्यंत सहा खाडे झालेत. त्यातले चार पाहुण्यांचे, एक स्टॉक मोजणीचा आणि एक निव्वळ आळसाचा.

ही पद्धत काढली कारण मी खोटं बोलत होते. आमचं चिपळूणला मेडिकलचं दुकान आहे. मी काउंटरला पुस्तक ठेवून बसते हे गिऱ्हाइकांना माहीत झालंय, त्यामुळे गोळ्यांची पट्टी कापून देईपर्यंत समोरचा विचारतो, "वहिनी, सध्या काय वाचताय?" आणि मी पटकन एखादं भारदस्त नाव सांगून मोकळी व्हायचे. खरं तर ते पुस्तक तीन महिन्यांपूर्वी एकेचाळीसाव्या पानावर बसमधलं तिकीट घालून ठेवलेलं असायचं. आता दाराकडे बोट दाखवते. कॅलेंडर खोटं बोलत नाही.

तर सध्याचं खरंखुरं असं.

सगळ्यात जोरात चाललंय ते "माझा प्रवास". विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा चांगली मिळेल असं ऐकून हे आणि त्यांचे काका १८५७ साली घरातून निघाले. म्हणजे माणूस निघाला चार पैसे मिळवायला आणि सापडला बंडात. वाटेत बातमी लागली, तरी मागे फिरले नाहीत. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा हे आतच! इतिहासाच्या पुस्तकात झाशी वाचताना घोडा, तलवार, पाठीवर मूल एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथे एक भिक्षुक आहे. त्याला भूक लागते, भीती वाटते, कुठे जेवायला काय होतं आणि हातावर दक्षिणा किती पडली हे त्याच्या पक्कं लक्षात असतं. मला हे फार आवडलं. आम्हीही दुकानदार माणसं, आकडे लक्षात ठेवणाऱ्याबद्दल आपुलकी वाटतेच.

या पुस्तकाची स्वतःची गोष्टही वाचण्यासारखी आहे. भटजींनी हे लिहिलं १८८३ च्या सुमारास, चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून. बंडातलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, राज्य इंग्रजांचं, म्हणून आपल्या माघारी छापा म्हणाले. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण आपल्या पद्धतीने फेरफार करून. मूळ लिहिलं होतं तसं दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर आणलं. मी वाचतेय तो हा पाठ. पहिली पंधरा पानं जड गेली, भाषेला कान सरावायला वेळ लागला. मग एका रात्री लक्षात आलं की हे मनातल्या मनात वाचायचंच नाही, पुटपुटत वाचायचं. आमच्या आजोळचे एक भटजी बोलायचे तशीच लय आहे. तेव्हापासून आकडा चौदाच्या खाली येत नाही.

झाशी पडल्यानंतरचा भाग मात्र मी दोनदा मिटून ठेवला. माणसं मेलेली, घरं जळालेली, हे तर आहेच. पण त्यात झाशीच्या पुस्तकालयाचीही वाताहत आहे. जपून ठेवलेल्या पोथ्यांची दाणादाण. तेवढ्यासाठी कार्तिकाआधी दोन दिवस लागोपाठ "खा" लिहिला होता. का, ते चिपळूणच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते.

२२ जुलै २०२१. आमच्या बाजारपेठेत प्रत्येक भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ होती. कुणी रंगाने ओढलेली, कुणाची आपोआपच राहिलेली. सगळ्या गावाचा हिशोब त्या रेघेवर चालायचा. "दोन हजार पाचला इथपर्यंत होतं", म्हणजे त्याच्यावर ठेवलं की सुरक्षित. माझं पुस्तकांचं फडताळ त्या रेघेच्या दोन वीत वर होतं. मोजून घेतलेलं. पहाटे पाणी आलं तेव्हा आधी सासूबाईंना माळ्यावर नेलं, मग फ्रीजमधलं इन्सुलिन, मग बाकीची औषधं हाताला लागतील तशी, मग बिलबुकं. पुस्तकांचा नंबर लागलाच नाही. लावलाही नसता, रेघ होती ना. वाशिष्ठी नदीने ती रेघ कधी मागे टाकली ते आम्ही माळ्यावरून बघितलं. रात्री अंधारात खालून डबडब आवाज येत होता, फडताळातली पुस्तकं एकेक करून पाण्यात पडत होती की औषधांचे खोके तरंगून भिंतीवर आपटत होते, कळायला मार्ग नव्हता. नवरा म्हणाला खोके आहेत. मी हो म्हटलं.

गावातल्या वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. तिथली पुस्तकं गेली त्यापुढे आमच्या एका फडताळाचं काय घेऊन बसायचं. तरीही.

त्यातून उरलेलं एक पुस्तक या घडीला चालू आहे, त्याचं वाचन पानांनी मोजत नाही. दुर्गा भागवतांचं "ऋतुचक्र", १९५६ चं पुस्तक. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर लेख. मी तो तो महिना लागला की तो तो लेख वाचते, गेली चार वर्षं. माझी प्रत चिखलातून काढली तेव्हा फुगून उशीएवढी झाली होती. दोन महिने पंख्याखाली, मग उन्हात, मग पानापानांत रद्दीचे कागद घालून वरवंट्याखाली. आता उघडते, पण पूर्ण मिटत नाही, तोंड वासून पडलेली असते. खालून दोन बोटं तपकिरी कड आहे, अगदी नकाशातल्या किनाऱ्यासारखी वळणावळणाची. नाकाजवळ नेलं तर अजून ओल्या गोणपाटाचा वास येतो. आणि काही पानं चिकटलेली आहेत ती सुटतच नाहीत. पूर आला आषाढात, गुरुपौर्णिमा तोंडावर असताना. आषाढाची पानं चिकटली असती तर सांगायला गोष्ट झाली असती. चिकटलीत ती कार्तिकाची. त्यामुळे दर वर्षी याच दिवसांत मी लेख वाचायला घेते आणि मध्येच अडखळते. वाफ देऊन बघितली, कोपऱ्यातून चाकूचं टोक घालून बघितलं, शाई निघायला लागली तेव्हा थांबले. मुलगी म्हणते नवीन प्रत मागवू का. मागव म्हणायला तोंड उघडत नाही. कार्तिक तेवढा वाचनालयातून आणून वाचावा असं या वर्षी ठरवलंय.

संध्याकाळचं वाचन सासूबाईंसाठी. त्यांचं मोतिबिंदूचं एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, तोवर मी वाचते आणि त्या वाती वळतात. "स्मृतिचित्रे" चाललंय. त्यांनी ते शाळेत धडा म्हणून वाचलं होतं, अख्खं कधीच नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा सोस, आणि त्यापायी घरच्यांचे झालेले हाल, हे मी वाचत होते. मला वाटलं सासूबाई हसतील. त्या वात वळायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गो, आणि तू दोन हजार वीस साली काय करत होतीस? दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतीस. नोटांना इस्त्री केलीस." खरंच केली होती. मेडिकलवाल्या घरात कुणी कुणाला हसायचं?

लक्ष्मीबाईंचं गद्य मोठ्याने वाचायलाच जन्माला आलंय. कुठे दम लागत नाही, कुठे जीभ वळत नाही. नवरा ख्रिस्ती झाला, पाच वर्षांनी ही बाई स्वतःच्या विचाराने त्याच वाटेने गेली, आणि हे सगळं लिहिताना स्वतःचीच फजिती आधी सांगते. सासूबाईंना धर्मांतराचा भाग कसा वाटेल याची मला धास्ती होती. अजून तिथे पोचलो नाही. पण परवा त्या म्हणाल्या, "पुढे काय होतं ते मला माहितीय. तू गाळू नकोस." म्हणजे मी गाळीन हे त्यांना ठाऊक होतं.

आता इतरांचं. मुलगी पुण्याला असते, ती सगळं किंडलवर वाचते, बहुतेक इंग्रजी. मागच्या महिन्यात तिने मैत्रिणीकडून दया पवारांचं "बलुतं" आणलं, छापील. रात्री साडेअकराला फोन. "आई, हे तू मला आधी का नाही दिलंस?" १९७८ साली आलेलं पुस्तक, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं, आमच्या घरात वरून दुसऱ्या कप्प्यात होतं. ती दहावीला असेपर्यंत तर नक्कीच होतं. मी म्हटलं, होतं गं. मग दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. मी तिला ते का दिलं नाही याचं पुराआधीचंही एक उत्तर आहे, आणि ते मला फारसं शोभणारं नाही. या वयात नको, पुढे वाचेल, असं म्हणत राहिले. मी स्वतः मात्र सतराव्या वर्षी वाचलं होतं.

दुकानात येणारा एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, ऑडिओवर भयकथा ऐकतो. पूर्वी परशुराम घाटात गाडी अडकली की चरफडायचा, आता म्हणतो, "मॅडम, घाटात एक प्रकरण तरी होतंच." एसटीतून निवृत्त झालेले एक काका फक्त दिवाळी अंक वाचतात. मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या "मनोरंजन"ने झाली, हे त्यांनीच मला सांगितलं आणि तेव्हापासूनचा आपला बॅकलॉग आहे असंही म्हणाले. यंदाचे अंक घरात येऊन पडलेत, पण गेल्या वर्षीचे दोन अंक संपल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. राशिभविष्यसुद्धा गेल्या वर्षीचं क्रमाने वाचतात. खरं ठरलं का ते लगेच कळतं, हा त्यांच्या मते फायदा.

पुढे काय वाचायचं, त्याची यादी कॅलेंडरच्या खाली पिनेने लावलेल्या एका औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आहे. त्यात रंगनाथ पठाऱ्यांचं "सातपाटील कुलवृत्तांत" दोन वर्षं पहिल्या नंबरावर आहे. ते इतकं जाड आहे की काउंटरवर ठेवलं तर गिऱ्हाइकाला मी दिसणार नाही. त्याखाली विश्वास पाटलांचं "झाडाझडती". धरणाखाली गेलेल्या माणसांची कादंबरी. कोयनेचं पाणी वीज करून आमच्या वाशिष्ठीत सोडतात, त्यामुळे हे पुस्तक आपण वाचायलाच हवं असं मला नेहमी वाटतं आणि मग मी दुसरंच काहीतरी उचलते. जी. ए. कुलकर्णींचं "काजळमाया" पुन्हा वाचायचंय. पण ते पावसाळ्यात वाचायचं नाही असा नियम केलाय, आणि कोकणात पावसाळा संपेपर्यंत लग्नसराई सुरू होते.

आणि यादीत त्या पहिल्या नंबराच्याही वर, तांबड्या पेनाने, "तुं. खं. २". श्री. ना. पेंडशांचं "तुंबाडचे खोत", १९८७ चं, दोन खंडांचं. इथून जवळच्या जगबुडी नदीकाठची गोष्ट, खोतांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची. पुराच्या वेळी पहिला खंड माझ्या बहिणीकडे रत्नागिरीला होता, म्हणून बचावला. दुसरा फडताळात होता. आता माझ्याकडे अर्धेच खोत आहेत. पूर्वी पूर्ण वाचलंय, शेवट माहीत आहे, पण पहिला खंड हाती आहे म्हणून दर एक-दोन वर्षांनी वाचायला घेते, शेवटच्या पानाशी येते आणि जेवणाच्या पंगतीतून ताक यायच्या आत उठवल्यासारखं होतं. दुकानदार संच फोडून देत नाहीत. दोन्ही खंड घ्यावेत तर पहिला घरात आहेच, आणि तो टाकवत नाही.

या खेपेला पहिला खंड संपत येतोय, साठेक पानं उरलीत, म्हणून आधीच वाचनालयात दुसऱ्याला नंबर लावून ठेवलाय. पुस्तक बाहेर गेलेलं आहे. कुणाकडे ते मला कळलं, कारण तो माणूस आमच्याकडेच बीपीच्या गोळ्या नेतो. काल आला होता. मी विचारलं, कुठवर आलं? म्हणाला, "वाचतोय सावकाश. घाई काय आहे?" तीस गोळ्या मोजून दिल्या आणि म्हटलं, या संपायच्या आत ते संपवा. त्याने पट्ट्या खिशात टाकल्या, दाराकडच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि विचारलं, "आज माझाही खाडा लिहिणार काय?"