जांभ्याच्या भिंतीखालचे पाणी

ऑगस्ट 2022 मधल्या त्या सकाळी वाट फूच्या खालच्या चौकात पोहोचलो, तेव्हा भिंतीच्या भेगेवर मी बसवलेल्या चार काचपट्ट्यांपैकी दोन तडकलेल्या होत्या. आदल्या रात्री सलग पाऊस पडला होता. भेगेच्या दोन्ही काठांना चिकटवलेली पातळ काच तडकली, याचा अर्थ भिंत हलली होती; किती हलली हे मोजता येते, पण का हलली हे काच सांगत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या वास्तूंच्या निचऱ्याचे काम करतो. दक्षिण लाओसमधील चंपासाक प्रांतात त्या पावसाळ्यात मी त्याच कामासाठी होतो.

वाट फू हे मुळातले शिवमंदिर. आज दिसणारे बांधकाम बहुतांशी अकराव्या-बाराव्या शतकातले, ख्मेर राजवटीतले असले, तरी स्थान त्याहून फार जुने आहे. मागे फू काओ हा सुमारे 1,400 मीटर उंचीचा डोंगर उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर निसर्गानेच घडवलेला शिवलिंगासारखा सुळका आहे. म्हणून प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव लिंगपर्वत असे येते. डोंगरकड्याच्या पायथ्याशी एक झरा आहे. त्याचे पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्याच्या मागच्या विटांच्या दालनात आणले जाई आणि तिथल्या लिंगावर अखंड अभिषेक होई. आज गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहेत, पण झरा वाहतोच आहे आणि भाविक त्याचे पाणी डोक्याला लावून बाटलीत भरून घरी नेतात. युनेस्कोने 2001 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो एकटा देवळाचा परिसर नव्हे. डोंगरमाथ्यापासून मेकाँगच्या काठापर्यंत सुमारे दहा किलोमीटर पसरलेली देवळे, तळी, रस्ते आणि नदीकाठच्या प्राचीन नगराचे अवशेष असा तो सगळा आखीव भूप्रदेश आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण येथे जतनाचे काम करते, तसेच फ्रान्स, इटली आणि जपानच्या तज्ज्ञांनीही येथे काम केलेले आहे. डोंगराच्या उताराचा शेवट होतो तिथे समोरासमोर दोन मोठे चौक आहेत. स्थानिक लोक एकाला पुरुषांचा आणि दुसऱ्याला स्त्रियांचा महाल म्हणतात. त्यांच्या बांधणीत वालुकाश्माबरोबर जांभा वापरलेला आहे. मी राजापूरकडचा, जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात वाढलेला. परदेशात पहिल्याच दिवशी आपल्या घराच्या भिंतीचा दगड भेटावा, याचा मला फार आनंद झाला होता. त्या आनंदातून मी जे शिकायला हवे होते ते मात्र त्या सकाळपर्यंत शिकलो नव्हतो.

दोन आठवडे खपून मी निचऱ्याचा आराखडा तयार केला होता. उताराच्या समोच्चरेषा काढल्या, पावसाचे पाणी कुठून कुठे वाहते ते नकाशावर मांडले, आणि चौकाच्या वरच्या अंगाला उथळ चर सुचवला. तडकलेल्या काचा पाहून मी आधी लाकडी टेकू लावायला सांगितले आणि मग नकाशा उघडला. नकाशाप्रमाणे त्या कोपऱ्यात पाणी यायलाच नको होते. प्रत्यक्षातही वरून पाणी येत नव्हते. जमीन फक्त ओलसर होती.

आमच्या मजुरांचे मुकादम साठीच्या आसपासचे होते. सगळे त्यांना लुंग म्हणत, म्हणजे लाओ भाषेत थोरले काका. मीही तेच म्हणत असे आणि ते मला नोंग, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. त्यांनी नकाशाकडे पाहिले, भिंतीच्या तळाशी हात लावला आणि दुभाष्या मुलाकरवी एवढेच सांगितले, “पाणी वरून येत नाही, खालून येते. वर चला, दाखवतो.”

वर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या चाफ्याची जुनी झाडे आहेत. लाओ लोक त्याला दोक चंपा म्हणतात आणि ते त्यांचे राष्ट्रीय फूल आहे. पावसाने फुलांचा सडा पडला होता आणि पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, म्हणून आम्ही सावकाश चढलो. वरच्या गच्चीवर लुंग दम खायला बसले आणि त्यांनी सोबतच्या बांबूच्या डबीतला चिकट भात मला दिला.

तिथून सगळा मुलूख दिसतो. खाली आयताकृती तळी, मग भाताची हिरवी खाचरे, मग चंपासाक गावाची घरे आणि मेकाँग. नदीपलीकडे दूरवर, ढगांत अर्धे बुडालेले, बोलावेन पठार. त्या हजार मीटरहून उंच पठारावरच्या ज्वालामुखीजन्य मातीत फ्रेंचांनी कॉफी रुजवली आणि लाओसची बहुतेक कॉफी आजही तिथेच पिकते. दक्षिणेला, नजरेच्या पलीकडे, नदी असंख्य बेटांत फुटून खोन धबधब्यावरून कंबोडियाच्या हद्दीकडे उतरते. 1866 साली निघालेल्या फ्रेंच मोहिमेला मेकाँगमधून चीनपर्यंत जलमार्ग हवा होता. त्या आशेला इथे मोठा अडथळा आला. पुढे फ्रेंचांनी तिथल्या बेटांवर छोटी रेल्वे घातली आणि आगबोटींचे भाग तिच्यावरून वाहून नेले. आपल्या पाठीमागे, डोंगरापल्याड, थायलंड. लाओस आणि थायलंडमधली हद्द बऱ्याच लांबीपर्यंत मेकाँगच्या प्रवाहातून जाते, पण इथे नदीचे दोन्ही काठ लाओसकडे आहेत. ते तसे का, हे मी पुस्तकात वाचले होते. लुंगनी ते आपल्या घराच्या हिशेबाने सांगितले.

त्यांचे आजोबा नदीच्या या, पश्चिमेकडच्या काठावरच्या गावात जन्मले तेव्हा हा काठ सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, ताब्यात होता, कारण 1893 मध्ये फ्रान्सने फक्त पूर्वेकडचा काठ घेतला होता. 1904 च्या करारानंतर हे गाव फ्रेंचांकडे गेले. 1941 मध्ये जपानच्या मध्यस्थीने झालेल्या तहात ते थायलंडला मिळाले आणि लुंगचे वडील त्याच काळात जन्मले. 1946 च्या अखेरीस प्रांत परत फ्रेंच सत्तेखाली आला, 1953 मध्ये लाओस स्वतंत्र झाला, 1975 मध्ये राजेशाही संपली. 1713 पासून चालत आलेल्या चंपासाकच्या राजघराण्याचा राजकीय हक्क त्याआधीच, 1946 मध्ये, एकसंध लाओससाठी सोडून दिला गेला होता. “आजोबांनी गाव कधी सोडले नाही,” लुंग म्हणाले. “देशच आमच्या अंगणातून ये-जा करत राहिले. आजोबा शेवटपर्यंत याच झऱ्याचे पाणी भरायला येत.”

हे ऐकताना मला देवानीक राजाच्या शिलालेखाची आठवण झाली. पाचव्या शतकातला हा संस्कृत लेख खालच्या नदीकाठी सापडला. दूर देशाहून आलेल्या या राजाने लिंगपर्वताच्या सान्निध्यात महातीर्थ स्थापून त्याला कुरुक्षेत्र हे नाव दिले, असे तो लेख सांगतो. त्या काळी इथल्या कोणी हरियाणातले कुरुक्षेत्र पाहिले असेल-नसेल, पण तीर्थाला पाणी लागते हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि पाणी या डोंगरात होते.

झऱ्यापासून आम्ही पन्हळीच्या कडेने न उतरता बाजूच्या झाडीतून खाली आलो. चौकाच्या वर, माझ्या नकाशावर सपाट दाखवलेल्या जागी, वेलींखाली एक खोलगट भाग होता. तिथे गुडघाभर पाणी साचले होते आणि त्याच्या एका कडेला ते हळूहळू भोवऱ्यासारखे फिरत होते. लुंगनी घरून आणलेल्या पिशवीतले भाताचे तूस मूठमूठ त्यात सोडले. तूस फिरत फिरत त्या कडेला गेले आणि नाहीसे झाले.

आम्ही धावतच खाली आलो आणि भिंतीच्या पायाशी बसून राहिलो. दुभाष्या मुलगा दर पाच मिनिटांनी घड्याळ वाचत होता. चाळिसाव्या मिनिटाला सर्वांत खालच्या थरातल्या दोन चिऱ्यांच्या सांध्यातून एक पिवळसर तूस बाहेर आले, मग आणखी तीन, मग मातकट पाण्याबरोबर चिमूटभर. पाण्याला रंग होता, म्हणजे ते पायाखालची बारीक माती बरोबर आणत होते. भिंत का हलली ते आता आमच्या समोर होते.

माझ्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, जून महिन्यात पडलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून क्षणात दिसेनासे होते आणि खालच्या वाडीत कुणाच्या तरी परसात फुटते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा, म्हणजे तिथला झरा, दर दोन-तीन वर्षांनी अचानक प्रकटते, तेव्हा आमच्या घरचेही लोक स्नानाला जात. इतके माहीत असून मी इथे फक्त जमिनीच्या वरचे पाणी मोजले. जांभ्याच्या मातीतून आत शिरलेले पाणी काय करू शकते, हे या भागाने नुकतेच फार मोठी किंमत देऊन पाहिले होते. 23 जुलै 2018 रोजी बोलावेन पठारावरच्या जलविद्युत प्रकल्पाचा एक खिंडीतला मातीचा बांध फुटला आणि शेजारच्या अत्तापू प्रांतातली गावे वाहून गेली. नंतरच्या तज्ज्ञ चौकशीत पायातल्या झिरपणाऱ्या, धुपणाऱ्या थरांकडे बोट दाखवले गेले. आमची भिंत त्या मानाने किती लहान, पण मातकट पाणी बघून माझ्या पोटात गोळा आला तो त्याच आठवणीने.

वारसास्थळी मनाला येईल तिथे कुदळ मारता येत नाही. स्थळ-कार्यालयातल्या लाओ पुरातत्त्वज्ञ बाई आल्या, त्यांनी खोलगट भागाची छायाचित्रे व मोजमापे घेतली आणि खोदकामाऐवजी वाळूच्या गोण्यांचा तात्पुरता बांध घालायला परवानगी दिली. दुपारपासून अंधार पडेपर्यंत आम्ही सोळा जणांनी साखळी करून गोण्या वर चढवल्या, साचलेले पाणी बाजूच्या नैसर्गिक ओहोळात वळवले आणि ते भोक ताडपत्रीने झाकले. पावसाने संध्याकाळी पुन्हा सुरुवात केली. मजुरांत विशीतली मुले कमीच होती, कारण त्या वर्षी किप या लाओ चलनाची किंमत घसरत चालली होती आणि थाई बाथमधली मजुरी सगळ्यांना ओढत होती. पाकसे शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर वांग ताओचे सीमेवरचे नाके आहे आणि पलीकडे थायलंडमधले चोंग मेक; गावातली निम्मी तरुणाई तिकडेच, असे लुंग म्हणत. उरलेल्या पन्नाशीच्या माणसांनी त्या दिवशी ओझी वाहिली.

रात्री मी आराखडा पहिल्यापासून काढायला घेतला. वरच्या चराची रेघ पुसली आणि नकाशावर प्रथमच जमिनीखालून जाणारी तुटक रेषा काढली. पुरातत्त्वज्ञ बाईंच्या सूचनेवरून तिच्या टोकाशी लुंगचे नाव आणि निरीक्षणाची वेळ नोंदवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांध्यातून येणारे पाणी थेंबथेंब आणि स्वच्छ होते. नव्या दोन्ही काचपट्ट्या शाबूत होत्या. लुंग आले नव्हते. त्यांची धाकटी मुलगी थायलंडला कामाला निघाली होती आणि तिला नाक्यापर्यंत पोहोचवायला ते पहाटेच गेले होते. दुभाष्या मुलाजवळ त्यांनी माझ्यासाठी तुसाने भरलेली पिशवी ठेवली होती आणि पुढचा पाऊस पडला की दक्षिणेकडच्या चौकामागेही टाकून बघा, असा निरोप दिला होता.