गादीवाफ्याचा दुसरा पावसाळा

आज सकाळी पाऊस थांबल्यावर परसात गेले, तेव्हा सपाट जमिनीतल्या मिरचीच्या बुडाशी पाणी साचले होते. तिथून दोन हातांवरच्या, जमिनीपासून उंच केलेल्या गादीवाफ्यातली माती मात्र मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा, इतकीच ओलसर होती. आमची जमीन काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. मुळांना हवा मिळाली नाही, तर रोप पाण्यात उभे राहूनही सुकते, हे मी हा वाफा करण्याआधी दोन वर्षे पाहिले होते.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात विटा रचून एक फूट उंच, चार फूट रुंद वाफा केला. रुंदी याहून जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय कधीच पडता कामा नये. माती दबली की सगळा खटाटोप वाया जातो. माझी खरी चूक भरणीत झाली. वरच्या थरातच उसाचे कच्चे चिपाड मिसळले, ते कुजताना जिवाणूंनी मातीतला नत्र ओढून घेतला आणि वांग्याची रोपे खालच्या पानांपासून पिवळी पडत गेली. यंदा वाफा उपसून चिपाड तळाशी घातले, वर माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत, शेवटी पाचोळ्याचे आच्छादन. भर दरवर्षी खचतेच, म्हणून दिवाळीनंतर आणखी दोन टोपल्या शेणखत घालणार आहे.

आज पाचोळा बाजूला सारला, तेव्हा वांग्याच्या बुडाशी गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसल्या आणि मन भरून आले.