राजांची जोडी मी का टाकली

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत पोकर खेळतो म्हटलं की नवे खेळणारे हमखास विचारतात: वाटलेल्या दोन पत्त्यांत राजांची जोडी असताना फ्लॉपच्या आधीच, म्हणजे टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधीच, पत्ते टाकून डाव सोडायचा असतो का? तुम्हीही विचारलंत म्हणून तो हात सांगतो.

टेबलावर एक काका होते. चार तासांत जेमतेम पाच-सहा हात खेळले असतील. मघाशी एकाने त्यांच्या रेझवर (वाढवलेल्या बोलीवर) रेझ केला तेव्हा त्यांनी नुसता कॉल केला होता, म्हणजे बोली न वाढवता तेवढीच रक्कम भरली होती, आणि शेवटी पत्ते उलटले तर राण्यांची जोडी. हे मी मनात ठेवलं होतं.

ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा) 100-200, दोघांपुढे 40,000च्या चिप्स. काकांनी पहिल्याच जागेवरून 800 केले. माझ्याकडे इस्पिक आणि बदामाचा राजा. मी 2,600 केले. बाकीचे गळाले, काका 7,500 वर गेले. मी 18,000 केले. काकांनी कॉफीचा कप बाजूला ठेवला आणि दोन्ही तळहातांनी सगळे गठ्ठे पुढे सरकवले.

राजांची जोडी सरासरी 221 हातांत एकदा येते. टाकायला जीव होत नाही. पण अशा वेळी मी समोरच्याचे पत्ते मोजतो. दोन राजे माझ्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या तऱ्हा सहा, उरलेल्या दोन राजांची एक, एक्का-राजाच्या आठ. मला आणखी 22,000 घालायचे होते, ते परवडायला जिंकण्याची शक्यता 27 टक्के तरी हवी. काका फक्त एक्के आणि राजांवर असे ऑल-इन (सगळ्या चिप्स लावून) जात असतील, तर माझी निघते 23 च्या आसपास. त्यात एक्का-राजा धरला की तीच 45 च्या वर जाते. सगळा निर्णय त्या आठ तऱ्हांवर अडलेला. आणि जो माणूस राण्यांवर नुसता कॉल करतो, तो एक्का-राजावर 40,000 लावेल? मला नाही वाटलं. टाकले. काकांनी पत्ते दाखवले नाहीत.

त्या जागी कुणी बेधडक खेळणारा असता तर मी क्षणभरही थांबलो नसतो. समोर 20-25 मोठ्या ब्लाइंडच्याच, म्हणजे 4,000-5,000च्याच चिप्स असत्या, तर काकांनाही कॉल केला असता.

माझी खरी चूक ते 18,000. एवढं आवळून खेळणाऱ्यापुढे पुन्हा रेझ केला की माझ्यापेक्षा हलकं जे काही त्याच्याकडे असेल ते तो टाकतो, आणि उरतात फक्त एक्के. आता अशा माणसाच्या 7,500 वर मी कॉल करतो आणि फ्लॉप बघतो. फ्लॉपवर एक्का पडण्याची शक्यता साधारण 23 टक्के. पडला आणि त्याने जोर लावला, तर 7,500 वर सुटतो.