वाळवंटातली लाईन आमच्या गावापर्यंत

शेजारच्या आजोबांना त्या केबलचा भारी राग. "शेतं आमची खणणार आणि वीज जाणार लंडनला," असं कुंपणापलीकडून ऐकवायचे. मी इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या बिडेफर्डला राहते. इथून चार-पाच मैलांवर आल्व्हरडिस्कॉटला सबस्टेशन आहे. तिथवर थेट मोरोक्कोच्या वाळवंटातून वीज आणायचा घाट होता. पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्सच्या कडेकडेने, समुद्राखालून जवळजवळ 3,800 किलोमीटर! तिकडे गुलमीमच्या बाजूला सोलर, पवनचक्क्या आणि बॅटऱ्या, इकडे 3,600 मेगावॉट. ब्रिटनची 8 टक्के गरज भागेल, असा दावा.

आजोबांचं ऐकून मला घरच्यासारखं वाटायचं, कारण मी चंद्रपूरची. तिथून पडघ्याला, म्हणजे मुंबईच्या दारात, 752 किलोमीटरची डीसी लाईन, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, 1999 पासून जाते. 1,500 मेगावॉटची. आणि आजोळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्याच मूल गावाकडच्या खेड्यात, मे महिन्यात भर दुपारी "लाईन गेली" की आजी ओलं फडकं अंगावर घेऊन ओसरीवर पडायची. आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते.

एवढ्या लांब न्यायची तर डीसीच का, हे बाबांनी मला दहावीत समजावलं होतं. ते वीजकेंद्रातच होते. घरात येते ती एसी वीज, ती सारखी दिशा बदलते. बागेतला पाइप दाखवून म्हणाले, हा सेकंदाला पन्नासदा भरायचा आणि रिकामा करायचा, तर टोकाला पाणी पोचेल का? पाइप भरण्यातच सगळं संपेल. जमिनीवरच्या तारांना हे थोडंफार चालतं. समुद्राखालची केबल मात्र असा पाइप आहे की शंभरेक किलोमीटरच्या पुढे एसी तिच्यातच जिरायला लागते. डीसीला पाइप एकदाच भरायचा. म्हणून दोन्ही टोकांना एसीची डीसी आणि डीसीची परत एसी करणारी कोट्यवधींची कन्व्हर्टर स्टेशनं बांधूनही ती परवडते.

2022 च्या ऑक्टोबरात आम्ही मोरोक्कोला गेलो. केबलची ती जागा नाही पाहिली, पण माराकेशहून तिझी न तिश्काचा घाट उतरून वारझाझातला गेलो. नवरा किल्ले बघायला, मी 'नूर' हे उन्हावर चालणारं वीजकेंद्र बघायला! वळणावळणांनी पोटातलं सगळं ढवळलं होतं. आणि एकदम समोर तो मनोरा, अडीचशे मीटरच्या आसपास उंच, डोक्यावर पांढराशुभ्र जाळ. जाळ म्हणजे आग नव्हे. खालचे 7,400 आरसे ऊन वर फेकतात. हवेत धूळ होती, त्यामुळे उजेडाचे तिरपे पडदेच दिसत होते. वर पोचलेलं ऊन मीठ तापवतं, 565 अंशांपर्यंत. हे खायचं मीठ नव्हे, सोडियम नायट्रेट आणि आपला सोरा यांचं मिश्रण. टाक्यांत भरून ठेवलं की सूर्य मावळल्यावरही सातेक तास वाफ करून वीज काढता येते. मोरोक्कोत विजेची खरी ओढ संध्याकाळीच असते. आमचा टॅक्सीवाला मात्र पाण्याचं बोलला. आरसे धुवायला पाणी लागतं, आणि ते जवळच्याच धरणातून येतं. पाऊस नाही, खजूर सुकतायत, म्हणाला. मग पुदिन्याच्या चहात त्याने चार खडे साखर टाकली आणि विषय संपवला.

युरोपला सहाराची वीज, हे स्वप्न तसं जुनंच. 2009 मध्ये म्युनिकमध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी 'डेझर्टेक'साठी मोट बांधली. 400 अब्ज युरोंचे आकडे होते. पाच वर्षांत बहुतेक कंपन्या बाहेर. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जिब्राल्टरखालून स्पेन-मोरोक्को केबल 1997 पासून आहे, 2006 मध्ये दुसरीही पडली. आणि बरीच वर्षं वीज वाहिली ती स्पेनकडून मोरोक्कोकडे!

आमच्या केबलचं काय झालं? जून 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने हात झटकले. जोखीम फार, आणि वीज देशातच तयार करू, असं म्हणाले. आजोबांनी त्या आठवड्यात कुंपणावरून पिशवीभर घेवडा दिला. मला थोडं वाईट वाटलं, पण घेवडा कोवळा होता.

रविवारी बाबांना हे सांगायला फोन लावला. ते निवृत्तीनंतर मूललाच राहतात. तीनदा लावला, बंद. संध्याकाळी त्यांचाच आला. वादळ झालं म्हणे, कालपासून लाईन नव्हती, मोबाइल आत्ता चार्जिंगला लावला.