मुरवायचं कुणी? विन्यालेस ते एस्तेली, सिगारच्या वासावर

माझ्या आजोबांची निपाणीत तंबाखूची वखार होती. माल विडीचा. सुट्टीत गेलो की दारातच नाकात झिणझिण्या यायच्या आणि आजी ओरडायची, आत जाऊ नका, दमा लागेल. तिला तो होताच. त्यामुळे तंबाखूचं कौतुक घरात कुणालाच नव्हतं, मला कुतूहल मात्र राहून गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्युबा आणि निकाराग्वा अशी तीन आठवड्यांची भटकंती केली ती त्यापायीच. लिहायला दोन वर्षं लागली त्यात आळस थोडा आहे, पण खरं कारण वेगळं आहे, ते शेवटाकडे येईल.

डोक्यात प्रश्न एकच होता. क्युबन सिगार खरंच इतकी वेगळी असते का? आणि ‘ठेवून दिली की सुधारते’ म्हणतात ते कितपत खरं?

जायचं असेल तर जानेवारी ते मार्च याच काळात जा. तिकडे रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतात आणि तोडणी या तीन महिन्यांत चालते, त्यामुळे शेतात हिरवं पान आणि वाळवणीच्या घरात तपकिरी पान असं दोन्ही एकाच फेरीत बघायला मिळतं. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातली वाळवणीची हजारो घरं आडवी केली. मी गेलो तेव्हाही काही ठिकाणी नुसते खांब उभे होते.

मी माद्रिदमार्गे हवानाला गेलो. येता-जाता अमेरिकेत विमान बदलणार असाल तर क्युबन सिगार विसरा. सप्टेंबर २०२०पासून प्रवाशाच्या सामानातूनही त्या तिथे नेता येत नाहीत, जप्त होतात. मला हिरवं टूरिस्ट कार्ड मिळालं होतं, आता ई-व्हिसा आहे. पैशांचं म्हणाल तर रोख युरो न्या, सुट्ट्या नोटांमध्ये. घरगुती मुक्काम, टॅक्सी, जेवण सगळं रोखीवर चालतं. सिगारच्या सरकारी दुकानात मात्र उलटं, तिथे माझी रोकड घेतली नाही, कार्डच लागलं. माझ्या दोन कार्डांपैकी एकच चाललं, म्हणून वेगवेगळ्या बँकांची दोन तरी जवळ ठेवा. वीज रोज जायची. बॅटरी आणि पॉवर बँक न्या. आपल्याला लोडशेडिंगची सवय आहे म्हणून मी निवांत होतो, पण सलग नऊ तास पंखा बंद राहिल्यावर निवांतपणा संपला.

हवानाहून विन्यालेस हे तंबाखूच्या दरीतलं गाव सुमारे १८० किलोमीटर. शेअर टॅक्सीने चार तास लागले, त्यातला एक तास पेट्रोल शोधण्यात. दरी बघून मात्र शीण गेला. लाल मातीच्या सपाट शेतांतून चुनखडीचे गोलमटोल डोंगर एकदम सरळ वर आलेले, आणि मधेमधे पेंढ्याने शाकारलेली, जमिनीपर्यंत उतरत्या छपराची वाळवणीची घरं. १९९९पासून ही दरी जागतिक वारशाच्या यादीत आहे. आता पर्यटकांना कुणी सांगत नाही ते सांगतो. विन्यालेस देखणं असलं तरी नावाजलेल्या सिगारांचं उत्तम पान मुख्यतः दक्षिणेकडच्या व्हुएल्ता आबाहो पट्ट्यातून, सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस या गावांच्या शेतांतून येतं. एक दिवस हाताशी असेल तर तिकडे जाच. वरच्या आवरणाचं पान तिथे पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. ऊन गाळून आलं की पान मोठं, पातळ आणि मऊ होतं. मांडवात शिरल्यावर आपल्याकडच्या शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीची आठवण झाली.

विन्यालेसला एका शेतकऱ्याने ओसरीवर बसवून सिगार वळून दाखवली. पोटात तीन जातीची पानं जातात. झाडाच्या खालच्या भागातलं वोलादो, ते नीट जळण्यासाठी. मधलं सेको, ते वासासाठी. वरचं, ऊन खाल्लेलं जाड लिहेरो, ते कडकपणासाठी. त्यावर बांधणीचं पान, आणि सगळ्यात वर आवरणाचं. वळता वळता त्याने पानाची मधली शीर ओढून काढली आणि म्हणाला, ‘सगळं निकोटीन या शिरेत असतं. आम्ही ती काढतो, म्हणून आमची सिगार निर्धोक.’ शेजारचे पर्यटक माना डोलावत होते. वखारवाल्याच्या नातवाला हसू आवरेना. निकोटीन शिरेपेक्षा पानातच जास्त असतं. शीर काढतात ती नीट जळत नाही आणि वळताना आड येते म्हणून. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत हे खरं, पण तोंडाला तो लागतोच, आणि तोंडाच्या कर्करोगाला शीर काढलेली-न काढलेली सारखीच.

बाकी माणूस गोड होता. पिकातला नव्वद टक्के माल सरकारला द्यायचा, दहा टक्के आपल्याला, असा हिशेब त्याने सांगितला. त्या दहा टक्क्यांतल्या बिनपट्टीच्या, म्हणजे ब्रँडचं नाव नसलेल्या सिगार केळीच्या सोपात बांधून विकतो. नगाला चार युरो म्हणाला, मी तीनवर आणलं आणि नंतर उगाच ओशाळलो. टोकाला मध लावून दिली. चव हलकी, सुक्या गवताची, थोडी मातकट, आणि मागे एक नवसागरासारखा झणका. तो झणका मला ओळखीचा वाटला. आजोबांच्या वखारीत नव्या मालाची थप्पी उलटताना तोच यायचा.

हवानात परत आल्यावर दोन दिवसांत किमान दहा जणांनी सांगितलं की आज सहकारी संस्थेचा दिवस आहे, फक्त आजच सिगार अर्ध्या किमतीत. असा दिवस रोजच असतो. रस्त्यावर कोहिबा या नामांकित क्युबन ब्रँडचा काचेच्या झाकणाचा खोका दिसला तर डोळे मिटून नकली समजा, कंपनी तसा खोका काढतच नाही. घ्यायची तर सरकारी दुकानातच घ्या. खोका उलटा करून तळाचा शिक्का वाचा. कारखान्याची तीन अक्षरं आणि खाली खोक्यात भरल्याचा महिना-वर्ष, स्पॅनिशमध्ये. एने म्हणजे जानेवारी, आगो म्हणजे ऑगस्ट, दिक म्हणजे डिसेंबर. मी पार्तागास या क्युबन ब्रँडच्या सेरी डी नंबर ४ चा, थोडक्यात डी-४चा, दहाचा खोका घेतला. शिक्का ऑक्टोबर २०२३ चा, म्हणजे भरून जेमतेम चार महिने. दुकानदाराला विचारलं, जुना खोका आहे का? तो नुसता हसला. माल इतका कमी येतो की जुना व्हायला उरतोच कुठे? २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेल्या, तेव्हापासून तर कोहिबा बघण्यापुरतीच. कारखाना बघायचा असेल तर तिकीट कारखान्याच्या दारात मिळत नाही, मोठ्या हॉटेलांतल्या पर्यटन काउंटरवर मिळतं. तेही आधी एक दिवस, आणि आत फोटो काढू देत नाहीत.

पनामामार्गे निकाराग्वाची राजधानी मानाग्वा आणि तिथून बसने एस्तेली. व्हिसाचं काम मात्र निघण्याआधी दोन महिने सुरू करा, आयत्या वेळी जमेल असं धरू नका. गाव महामार्गावरचं, धुळकट, आपल्या इचलकरंजीसारखं कामाचं. सौंदर्य शोधायला कुणी येऊ नये. पण गल्लीगल्लीत सिगारचे कारखाने, आणि त्यांचा इतिहास सरळ क्युबाला भिडतो. १५ सप्टेंबर १९६०ला क्युबाने सिगारचे कारखाने सरकारजमा केले. मालक, शेतकरी देश सोडून गेले. जाताना कुणाकडे बी होतं, कुणाकडे नुसती हातातली विद्या. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४मध्ये मायामीत आपल्या नावाची सिगार सुरू केली आणि १९७०मध्ये निकाराग्वा गाठलं. एकाच नावाच्या दोन सिगार दिसतात त्याचं मूळही यातच. क्युबाची कोहिबा वेगळी, डोमिनिकन प्रजासत्ताकातली वेगळी. पार्तागास, मोंतेक्रिस्तो यांचंही तसंच. विमानतळावर नाव बघून भुलू नका, कुठे बनली ते वाचा.

एका मध्यम आकाराच्या कारखान्यात ओळखीने अर्धा दिवस मिळाला. वळण्याचं काम इथे जोडीने चालतं. एकजण पोटाची पानं रचून बांधतो आणि शेजारची बाई आवरण चढवते. क्युबात मी पाहिलं ते एकच कारागीर अथपासून इतिपर्यंत करताना. बांधलेल्या गाभ्यातून हवा नीट जाते का ते इथे यंत्रावर तपासत होते. क्युबातही अशी यंत्रं आहेत, तरी माझ्या दहांपैकी दोन डी-४ गच्च निघाल्या, गाल दुखेपर्यंत ओढूनही धूर येईना. इथून घेतलेल्या पाद्रोनपैकी ओढल्या त्यांत एकही नाही.

पण मी अडकलो ते मागच्या शेडमध्ये. पानांच्या छातीएवढ्या थप्प्या, त्यांना पिलोन म्हणतात. मधे खुपसलेला लांब थर्मामीटर ४५ अंश दाखवत होता. शेणखताचा ढीग आतून तापतो तसं पान स्वतःच्या ओलाव्याने तापतं, अमोनिया सोडतं. ठरावीक उष्णता आली की थप्पी मोडायची, आतलं बाहेर, बाहेरचं आत, आणि पुन्हा रचायची. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यापुढे गोदाम, तागाच्या गाठी, प्रत्येकीवर पान कुठल्या भागातलं त्याची चिठ्ठी: हालापा, कोंदेगा, एस्तेली, आणि पिकाचं वर्ष. २०१९ ची गाठ अजून उघडलेली नव्हती. पाच वर्षं!

तिथे मला गोम कळली. क्युबातही पान मुरवतात, वोलादोला नऊएक महिने, सेकोला वर्ष-दीड वर्ष, लिहेरोला दोन वर्षं, असा दंडक आहे. पण जगाची मागणी आणि सरकारची परकीय चलनाची निकड, यात वळलेली सिगार लगेच खोक्यात जाते आणि खोका लगेच दुकानात. पाद्रोन आपल्या १९६४ मालिकेसाठी पान चार वर्षं ठेवतो, १९२६ मालिकेसाठी पाच. म्हणजे निकाराग्वावाला मुरलेलं लोणचं विकतो आणि क्युबा कालच फोडी घातलेली बरणी. बरणी वाईट नाही, पण ती फडताळात ठेवायचं काम तुमचं.

भारतात २५ सिगारपर्यंत शुल्क लागत नाही. मी मोजून तेवढ्याच आणल्या: दहा डी-४, दहा पाद्रोन १९६४, पाच शेतकऱ्याच्या. आणि पुण्यात बसून दोन वर्षं चव घेतली, उशिराचं कारण हे.

मार्च २०२४: डी-४ तिखट, पहिल्या इंचात तोच नवसागराचा झणका, मागे कुठेतरी देवदार आणि चामडं. निराशा झाली. पाद्रोन मात्र पहिल्याच झुरक्याला तयार: कोको, गडद कॉफी, काळी मिरी, गोडसर शेवट. त्या दिवशी विचाराल तर मी क्युबाचं नाव नुसतंच मोठं म्हणालो असतो.

मार्च २०२५: डी-४चा झणका जवळजवळ गेला. देवदार पुढे आला, आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं काहीतरी. पाद्रोनची मिरी थोडी बोथट, बाकी होती तशीच.

जानेवारी २०२६: डी-४मध्ये मध, सुकं गवत आणि खारट-आंबट अशी एक छटा, जी मला दुसऱ्या कुठल्याही देशाच्या सिगारमध्ये सापडलेली नाही. पाद्रोन अजून छान, पण आता सपाट वाटते. तिची मिरी हीच तिची मजा होती आणि ठेवून मी ती घालवली. तेव्हा बिगरक्युबन सिगार वर्षभरात ओढून टाका, क्युबन घेतली तर दोन-तीन वर्षं तिच्याकडे बघू नका. धीर नसेल तर निकाराग्वाचीच घ्या, यात कमीपणा काही नाही. घड्याळाकडे न बघता लगेच आनंद हवा असेल तर मी स्वतः तीच उचलतो.

ठेवण्याबद्दल. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पुण्यात एप्रिलात हवा पापडासारखी कोरडी आणि जुलैत भिंतींना बुरशी, मुंबई-कोकणात तर विचारू नका. लाकडी पेटी दिसायला छान, आपल्या हवेत कुचकामी. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पाकिटं टाका, एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. पाकिटं ऑनलाइन मिळतात. उन्हाळ्यात डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, किंवा छोट्या वाइन फ्रिजमध्ये. नेहमीच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तो ओलावा शोषतो आणि वर भेंडीचा वास देतो.

आणि कीड. तंबाखूचा पोरकिडा अंडी घालतो पानात, उष्णता २४ अंशांच्या वर गेली की अळी बाहेर पडते. मोठे कारखाने माल पाठवण्याआधी गोठवतात, शेतकरी कुठून गोठवणार? मला हे माहीत होतं, तरी केलं नाही. मे महिन्यात डबा उघडला तर शेतकऱ्याच्या उरलेल्या चार सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि तळाला तपकिरी भुकटी. पाद्रोनपैकी दोन त्यात गेल्या. तुम्ही आल्या आल्या हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग डब्यात. घाई केली तर आवरण तडकतं.

भोकं पडलेली एक सिगार निपाणीला काकांना दाखवली. त्यांनी टोक मोडलं, तळहातावर चुरलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, ‘पाला चांगला आहे रे. घाईनं बाजारात आणला.’

जाताना क्युबाबाहेर सुट्ट्या सिगार २०पर्यंतच नेता येतात, त्यापुढे शिक्क्याचा बंद खोका लागतो, आणि पावती विमानात बसेपर्यंत टाकू नका. जेट लायटर हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. माझा माद्रिदला गेला.